गोळी आणि शिडी

(दादा उंच क्रेनच्या केबिनमध्ये. धाकटा भाऊ खाली, बांधकामावर. दोघांच्या हातात वॉकीटॉकी.)

धाकटा : डावीकडे म्हटलं मी. परत म्हणून दाखव.

दादा : डावीकडे. म्हटलं की.

धाकटा : मग भारा उजवीकडे का चाललाय?

दादा : ...थांबवला बघ.

धाकटा : हात काढ दांड्यावरून. खालची माणसं बाजूला केलीत मी. आता डावा हात. दांडा स्वतःकडे ओढ. हळू. अजून. टेकला. बंद कर सगळं.

दादा : जरा अंधारी आली होती.

धाकटा : अंधारी कसली? डॉक्टरीणबाईंनी मेंदूचा फोटो दाखवला ना, पांढऱ्या ठिपक्यांचा?

दादा : ठिपके या वयात सगळ्यांनाच असतात.

धाकटा : हे तुझं म्हणणं. त्या म्हणाल्या, कोलेस्टेरॉलनं बारीक रक्तवाहिन्या आतून अरुंद होत जातात. रक्त पोचत नाही, मग तेवढा तेवढा भाग मरतो. दुखत नाही, कळत नाही. माणूस नुसता मंदावतो, अडखळतो. गोळी चुकवू नका म्हणाल्या.

दादा : गोळी घेतली की पोटऱ्या भरून येतात. शिडी चढवत नाही.

धाकटा : म्हणजे बंद केलीस?

दादा : घेतली तर शिडी गेली, नाही घेतली तर डोकं. इकडे आड, तिकडे विहीर. तूच सांग कुठं उडी मारू.

धाकटा : पोटऱ्यांचं त्यांना सांगायचं. गोळी बदलून दिली असती.

दादा : मग काम काय करता, हे विचारलं असतं. गोदामात बसतो म्हणून सांगितलंय मी.

धाकटा : आणि मी शेजारी मान डोलावली. वहिनीला माहीत आहे?

दादा : तिला कळलं तर उद्यापासून खरंच गोदामात. दिवसभर खिळे मोजत बसणं माझ्यानं नाही होणार. इथं वर मला कुणी म्हातारा म्हणत नाही.

धाकटा : खाली ये.

दादा : सुट्टी झाली की येतो. साहेबांना काहीतरी सांग.

धाकटा : सांगायचं काही राहिलं नाही, दादा. आपण सकाळी चॅनेल बदललाच नाही, सगळ्यांच्याच चॅनेलवर बोलतोय. माझ्याही आत्ता लक्षात आलं. सगळे हातातलं टाकून वर बघतायत. साहेब माझ्या शेजारी आहेत.

दादा : सगळं ऐकलं?

धाकटा : सगळं.

दादा : मग आता खरं सांगतो. खाली यायचं कधीचं मनात आहे. उजवा पाय उचलवतच नाहीये रे. ये वर.