आमचं काय, पडकंच घर

(पिंपळगाव राजा. वादळात एक भिंत पडलेलं घर. ओट्यावर पुंजाजी, त्यांची बायको गोजरबाई आणि खामगावहून आलेली लेक अश्विनी.)

अश्विनी : बाबा, परत एकदा नीट सांगा. विमा कंपनीचा सर्वेअर आला, त्यानं पडलेली भिंत पाहिली, फोटो काढले. मग तुम्ही त्याले काय म्हणाले?

पुंजाजी : काय म्हन्लो? या साहेब, बसा, म्हन्लो. माठातलं पानी देल्लं.

अश्विनी : पाणी पाजलं म्हणून कोणी क्लेम नाकारत नाही. हे पत्र ऐका. 'घर वादळाच्या आधीपासूनच पडायला आलेलं होतं. घरमालकानं स्वतः तसं सांगितलं.' झालं, क्लेम नामंजूर. मी दरसाली हप्ता भरून राह्यली ते कशासाठी?

पुंजाजी : साफ खोटं हाय! म्या असं काऊन सांगीन?

अश्विनी : आधी घर कसं होतं, असं त्यानं विचारलं असन नं?

पुंजाजी : इचारलं तं खरं. म्या म्हन्लं, आमचं काय साहेब, पडकंच घर. डोकं टेकवाले जागा हाय, झालं.

अश्विनी : अरे देवा! बाबा!

पुंजाजी : काऊन? आल्यागेल्याले असंच सांगत असतेत. आपल्याच तोंडानं आपलं घर लय भारी म्हन्लं तं दृष्ट लागते.

अश्विनी : पण तो पाव्हणा नव्हता, सर्वेअर होता.

पुंजाजी : एवढ्या उन्हाचा घरी आला तो पाव्हनाच.

गोजरबाई : जेवूही घातलं त्याले. म्या आंब्याचा रस केला, मांडे केले. पडक्या भिंतीपाशी चूल मांडून केले. तं हे म्हनतेत, गोड मानून घ्या, काही खास नाही. तो साहेब तीन मांडे खाऊन गेला.

अश्विनी : मले पाहायले आले होते तवाही हेच. 'साधीच हाय पोरगी, सयपाकातलं काही समजत नाही तिले.' माझी सासू अजून ऐकवते, तुझ्या बापानं आधीच सांगितलं होतं म्हणते.

पुंजाजी : लगन तं झालं नं तुहं?

अश्विनी : लग्न झालं, क्लेम तसा होत नाही. बरं, जाऊ द्या. झालं ते झालं. कंपनीच्या तक्रार विभागात अर्ज करू. तिथं नाही ऐकलं तर पुढं विमा लोकपाल हाय. पण पाऊस यायच्या आत भिंत उभी राह्यली पाहिजे. घर तुमच्या दोघायच्या नावावर हाय, तं सह्या दोघायच्याही लागतीन. आई, अर्ज झाला की तू इथं सही—

गोजरबाई : मी नाही करत.

अश्विनी : आं?

गोजरबाई : पडकंच हाय नं घर? मंग पडू दे. त्याच्यासाठी कोनाच्या हातापाया काऊन पडा? मी तुह्यासंग खामगावले येतो. दोन लुगडे बांधले की झालं.

पुंजाजी : लेकीच्या घरी राह्यतं तू? तूच तं म्हनत होती, जीव गेला तरी लेकीच्या दारात जानार नाही.

गोजरबाई : तवा मले घर होतं. आता घरधन्यानंच सांगतलं का घर नव्हतंच. साहेबानं कागदावर लिहून घेतलं.

अश्विनी : आई, बाबांचं तोंड तसंच हाय. मनात नसते त्यायच्या.

गोजरबाई : मनातलं मले कसं दिसन बाई? म्या सारा जलम तोंडातलंच ऐकलं. मांडे काही खास नाहीत, पोरगी साधीच हाय, घर पडकं हाय. एक सांग, या घरात माह्यं चांगलं काय झालं मंग? मले लय लागलं हे. भिंत पडली तवा एवढं नव्हतं लागलं.

अश्विनी : बाबा, ऐकलं नं? आता तुम्हीच बोला. वादळाच्या आधी घर कसं होतं ते अर्जात लिहायचं हाय. सांगा, मी लिहून घेते.

पुंजाजी : लिह. आमचं घर... बरं होतं.

अश्विनी : 'बरं' नाही चालत.

पुंजाजी : ठीकठाक होतं. गरिबाच्या मानानं.

अश्विनी : अहो बाबा, दृष्ट लागायले आता भिंत तरी उरली का? दुसऱ्याच्या घराबद्दल सांगून राह्यलो असं समजा.

पुंजाजी : थांब मंग. लिह. घर मजबूत होतं.

अश्विनी : कशावरून? ते विचारतीन.

पुंजाजी : कशावरून म्हंजे? घर बांधलं तवा भिंतीले पानी कोनं मारलं? या तुह्या मायनं. हापशीवरून घागरी आनून, सारा उन्हाळा. हिंमतराव मिस्त्री हात जोडे, वयनी, आता बस करा, भिंतीले सर्दी होईन. तरी ऐकलं नाही इनं. आन त्या साली गारपीट झाली, तवा सारी गल्ली कोठी येऊन बसली? याच घरात. जानराव तं बकऱ्या घेऊन आला. साऱ्यायच्या घरचे टिनं उडाले, आपलं एक टिन हाललं नाही.

अश्विनी : हे कामाचं बोलले. पण गल्लीतले लोक तसं लिहून देतीन का?

पुंजाजी : देतीन नाही तं काय? जानराव देईन, गीताबाई देईन. त्यायनं इथीसा बसून चहा पेला हाय. आन हे लिह, का यंदा वादळात दारातला मोठा कडूनिंब आडवा झाला भिंतीवर, म्हनून पडली ते. तेवढा निंब पडला तं किल्ल्याची भिंत नाही टिकत.

अश्विनी : बस बाबा. एवढ्यात भागते आपलं.

पुंजाजी : नाही, आजूक लिह.

अश्विनी : आता काय राह्यलं?

पुंजाजी : मी सांगतो नं, लिह तू. संध्याकाई वावरातून येतो तं धुऱ्याच्या बांधावरूनच दिसते हे घर. ओटा सारवेल राह्यते, दिवा लागेल राह्यते. तुह्या घरी खामगावले गादीवर झोपलो मी, रातभर डोयाले डोया लागला नाही. इथीसा जमिनीवर पडलो तरी झोप येते. अख्ख्या पिंपळगावात असं घर नाही. लिहिलं? असं घर कोनीच ठेवत नाही.

अश्विनी : लिहिलं बाबा. पण हे अर्जात नाही बसत. घराच्या मजबुतीचं तेवढं ठेवते, हे खालचं खोडते.

गोजरबाई : सहीसाठी बोलून राह्यले का तुमी?

पुंजाजी : कामापुरतं गोड बोलता येत असतं मले, तं त्या साहेबापुढंच बोललो असतो. भिंत तरी उभी राह्यली असती आतापर्यंत.

गोजरबाई : अश्विनी, दे तो पेन इकडं. आन ते खालचं खोडू नको.