कोपऱ्यावरच्या कमानीची काच

मी, खाली सही करणार, वय ६१ वर्षे, धंदा गवंडीकाम (तीन वर्षांपासून बंद), राहणार पाण्याच्या टाकीमागची गल्ली, दुसरा मजला. आज सकाळी दहा वाजता, कोणी बोलावलेले नसताना, पोलीस ठाण्यात स्वतःहून हजर झालो आणि समक्ष जबाब देतो की,

मी वरील पत्त्यावर पत्नीसह राहतो. चार वर्षांपासून मी शहराच्या वारसा जतन सल्लागार मंडळाचा सदस्य आहे. मंडळात आम्ही सात जण. मंडळाला पगार नाही आणि अधिकारही नाही. जुन्या इमारतींबाबत नगरपालिका आम्हाला विचारते, आम्ही जागेवर जाऊन पाहतो आणि लेखी मत देतो. ते ऐकायचे की नाही हे नगरपालिका ठरवते. माझी बहीण म्हणायची, "तुमचं मंडळ म्हणजे घरातला म्हातारा. सल्ला विचारतात आणि टीव्हीचा आवाज वाढवतात." हे जबाबात घ्यायची गरज नाही असे साहेब म्हणाले. मी घ्या म्हणालो.

दिनांक १९ मे रोजी सकाळी ११.२० वाजता जुन्या बाजार इमारतीची कोपऱ्यावरची कमान कोसळली. त्यात एक महिला मयत झाली व दोन इसम जखमी झाले. मयत महिला ही माझी सख्खी मोठी बहीण, वय ६७, धंदा किल्ल्या बनवणे. नवरा गेल्यावर त्याचे यंत्र तिने चालवायला घेतले. त्या कमानीखाली ती सव्वीस वर्षे बसत होती. जखमींना मी ओळखत नाही.

दीड वर्षापूर्वी ही इमारत पाडून तिथे वाहनतळ करायचे नगरपालिकेच्या मनात होते. कारण दिले होते कमानीवरच्या भेगेचे. मंडळाचे मत असे पडले की भेग जुनी आहे, हलत नाही, इमारत ठेवावी. नगरपालिकेचे उपअभियंता म्हणाले, तोंडाने नको, दाखवून द्या. तेव्हा भेगेवर काच लावायचे ठरले. वीतभर लांब, दोन बोटे रुंद अशी पातळ काचपट्टी भेगेवर आडवी ठेवायची आणि दोन्ही टोके प्लास्टरने पक्की करायची. भेग जरा जरी हलली तरी काच तडकते. काचेवर लावल्याची तारीख मी काच कापायच्या हिरकणीने कोरतो. महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी तपासायचे आणि कागदावर सही करायची. काच शाबूत आहे तोवर इमारत राहील, तडकली तर त्याच दिवशी रस्ता बंद आणि पाडकाम सुरू, असे लेखी ठरले. मंडळाचे म्हणणे कोणी मानल्याची ही पहिलीच वेळ होती. शाळेत इतिहास शिकवणाऱ्या आमच्या अध्यक्षबाई त्या दिवशी नगरपालिकेच्या पायऱ्यांवर बसून रडल्या. मलाही फार अभिमान वाटला होता. बाजारात मला काचवाला मेंबर म्हणू लागले.

तेरा महिने काच शाबूत राहिली. यंदा मार्चच्या पहिल्या सोमवारी मी शिडी घेऊन गेलो तेव्हा बहीण म्हणाली, "धाकट्या, तुझी काच तडकलीय. मी परवाच बघितली." मी वर जाऊन पाहिले. मधोमध सरळ चीर होती. मी तिला म्हणालो, "सफाईवाल्याच्या बांबूचा धक्का लागला असेल." ती म्हणाली, "एवढ्या उंचावर?" पिशवीत जादा काच होती ती लावली. जुनी काच कोपऱ्यावरच्या कचराकुंडीत टाकली. कागदावर 'काच शाबूत' लिहून सही केली. त्या दिवशी मी मनाची समजूत घातली होती हे खरे आहे.

एप्रिलच्या पहिल्या सोमवारी दुसरी काच तडकलेली होती. बहिणीने नेहमीप्रमाणे शिडी धरली. मी तिसरी काच लावली, दुसरी कुंडीत टाकली, कागदावर 'काच शाबूत' लिहिले. त्यानंतर तिने चहा मागवला व आम्ही दोघे प्यायलो. पत्नीच्या गुडघ्याबद्दल बोललो.

मे महिन्याच्या पहिल्या सोमवारी तिसऱ्या काचेचे दोन तुकडे झाले होते आणि मध्ये तांदळाचा दाणा मावेल इतकी फट होती. मी तीस वर्षांहून जास्त गवंडीकाम केले आहे. मला कळले. कळले नाही असे मी म्हणणार नाही. मला भीती वाटली, पण ती बहिणीसाठी वाटली नाही. इमारत जाईल, मंडळाचे हसे होईल, पुन्हा आम्हाला कोणी विचारणार नाही, याची वाटली. बहिणीने खालून विचारले, "मी पलीकडे सरकून बसू का रे? दवाखान्याच्या भिंतीला जागा आहे." मी शिडीवरूनच म्हणालो, "कशाला? तू हललीस तर लोक विचारतील. मी आहे ना मंडळावर." ती म्हणाली, "बरं." मी चौथी काच लावली व सही केली.

घटनेच्या दिवशी मी घरी होतो. फोन आल्यावर चालत गेलो. पळालो नाही. का पळालो नाही ते मला सांगता येत नाही. चौथी काच ढिगाऱ्यात गेली.

घटनेनंतर उपअभियंत्यांनी माझे मार्च, एप्रिल व मेचे तिन्ही कागद पोलिसांना दिले. काच शाबूत होती म्हणजे कमान अचानक पडली, असे धरून शेजारच्या गल्लीत गटाराचे खोदकाम करणाऱ्या मुकादमाला तीन दिवस इथे बसवून ठेवले आहे. आज येताना मी त्याला बाकावर पाहिले. त्याची मुलगी डबा घेऊन आली होती. खोदकामाने भेग हलली असेल किंवा नसेल, ते जाणकार सांगतील. भेग हलते आहे हे त्याला माहीत नव्हते. मला माहीत होते.

अध्यक्षबाईंना मी परवा सर्व सांगितले. त्या म्हणाल्या, "तुम्ही बोललात तर शहरातली एकही जुनी भिंत राहणार नाही. आपल्यावर कोण विश्वास ठेवेल? ती तर परत येणार नाही." त्या वाईट बाई नाहीत. हेच मी स्वतःला अडीच महिने सांगत होतो.

पंचनामा झाल्यावर बहिणीचा पत्र्याचा डबा काल मला परत मिळाला. यादीत 'कोऱ्या किल्ल्या व किरकोळ सामान' असे लिहिले आहे. घरी तो उघडला असता किल्ल्यांच्या खाली कापडात गुंडाळलेली पुडी सापडली. त्यात तिन्ही काचांचे तुकडे आहेत. प्रत्येकीवर माझ्या हातची तारीख आहे. मी कुंडीत टाकल्यावर तिने ते काढून घेतले असावेत. सोबत तिच्या पावतीपुस्तकातला कागद आहे. त्यावर तिच्या अक्षरात लिहिले आहे, 'धाकट्याच्या काचा. कुणाच्या हाती लागू देऊ नयेत.'

मयत महिलेस धोक्याची कल्पना होती काय, असे साहेबांनी विचारले. होती. मग ती तिथे का बसली, असे विचारले. मी बस म्हणालो म्हणून बसली.

पुडी व तुकडे मी आज जमा केले. तो कागद मला परत मिळावा अशी विनंती केली. पुरावा असल्याने मिळणार नाही असे सांगण्यात आले.

वरील मजकूर हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितला तसाच आहे, त्यात बदल नाही. या कमानीबाबत मी मार्चपासून तीन कागदांवर सही केली. हा चौथा. हा खरा आहे.