दाजींनी विणलेला सशाचा पिंजरा

सशाचा पिंजरा स्वस्तात करायचा असंल, तर आमच्या दाजींना इचारू नका. दाजी म्हणजे अक्काचे मालक, पेडगावात बाजा विणायचे. दुष्काळ सरला त्या साली मी सशांची जोडी आणली, तर दाजींनी कुंपणाची जुनी तार घेऊन बाजेसारखाच घट्ट पिंजरा विणला. पण बुडापाशी येऊस्तोवर तार संपली.

"दाजी, खालून उघडंच हाय की!"

"खाली जमीन हाय. माझ्या कोंबड्यांचं खुराडं असंच हाय. एक तरी कोंबडी गेली का?"

तिसऱ्या दिवशी पिंजऱ्यात ससे न्हाईत, नुसतं बीळ. त्याचं दुसरं तोंड बांधापलीकडं दाजींच्याच भुईमुगात निघालं.

दाजींनी पिंजऱ्याची जाळी चारी बाजूंनी ओढून बघितली.

"बघ," म्हणाले, "एक तरी गाठ सुटली का?"