चार नंबरची हाक

गिमारास बेटाच्या धक्क्यावर रांगेत उभ्या लोर्नाला वाटलं, दूरची बोट जागीच तरंगतेय. पुढे एक म्हातारा आणि कारखान्याची तंत्रज्ञ पोरगी बोलत होती.

“मानोंग दादा, तुमच्या बर्फ कारखान्यातली जुनी मीटरं आली बरं का नेटवर्कवर! मधे एक डबी बसवलीय. ती एकेकाला नंबरानं हाक मारते, मग ते आपलं तापमान सांगतं.”

“तीस वर्षांची म्हातारी मीटरं बोलली?”

“पाचही घडाघडा बोलली. फक्त चार नंबरला हाक मारून डबी ताटकळत बसते.”

“चार नंबर नाहीच, इंदाय पोरी. एक, दोन, तीन, पाच, सहा.”

“नंबर लावताना चुकलात होय?”

“चुकतोय कशाला! एकेका कामगाराकडे एकेक मीटर; ज्याचं मीटर, त्याचा नंबर. चार रोहेलियोचा. तो मासे धरायला गेला तो परतलाच नाही. मग त्याच्या मीटरला सहा दिला. चार त्याचा त्याला ठेवला.”

“मी उद्या यादीतून चार काढणार होते. दर फेरीला एक सेकंद फुकट जातो.”

“काढ की. काम आहे तुझं.”

बोट लागली. रांग हलली, ती दोघं हलली नाहीत.

“राहू दे, मानोंग. मारू दे हाक. थांबेल एक सेकंद.”

“दोन कर. रोहेलियो कधी वेळेवर आलाय?”