चौदा सेंट खाली

वनमाला : थांबा! थांबा हो. काय केलंत याला?

भालचंद्र : मी? माझं बोट लागायच्या आधीच तुझ्या लाडक्या पुतणीने ऑर्गन उघडला होता.

अवंतिका : काकू, सरप्राइज होतं ना! तुम्ही दोघं सकाळी कंपूच्या दवाखान्यात डोळे तपासायला गेलात, तेवढ्यात मी पूर्ण सर्व्हिस करून टाकली. खरखर गेली, पट्ट्या अडकत नाहीत, बाराही सूर ट्यूनरवर एकदम शून्य. फिजिक्स शिकल्याचा काही उपयोग नको?

वनमाला : झाला उपयोग. रविवारी मी गात नाही.

अवंतिका : मतलब? मंडळाने पत्रिका वाटून टाकल्या, काकू! 'वनमालाबाईंचं गायन, ऑर्गनवर भालचंद्रराव.'

भालचंद्र : लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली. पहिल्यांदा हो म्हणाली होती.

वनमाला : नाइलाजाने म्हटलं होतं. माझा तानपुरा दुरुस्तीला गेला म्हणून या विजेच्या डब्यासमोर बसले. मी तर याला सर्दी झालेली सनई म्हणायचे.

अवंतिका : तोंडावर?

भालचंद्र : पाहुण्यांसमोर. तसं तिचं अगदीच चूक नव्हतं गं. ही पट्टी हळू दाब नाहीतर जोरात, आवाज तेवढाच. बोट टेकलं की सूर हजर, उचललं की कापल्यासारखा बंद. मींड नाही, काही नाही. भाव आणायचा तो पायाखालच्या पॅडलने. लग्नाच्या मांडवात मजा यायची, पण ख्यालाला...

वनमाला : पण याचा गंधार खरा होता. मी पांढरी पाचातून गाते, तो माझा षड्ज; तिथून याचा गंधार ऐकला आणि पहिल्याच दिवशी गप्प झाले. बाजाच्या पेटीतही असा मिळत नाही. आज तो चढलाय. टोचतोय.

अवंतिका : पांढरी पाचचा गंधार म्हणजे सात नंबरची पांढरी. एक मिनिट, मी आधीचं रीडिंग लिहून ठेवलंय. हं. बाकीचे अकरा सूर दोन-तीन सेंट इकडेतिकडे. हा एकटा चौदा सेंट खाली.

वनमाला : सेंट म्हणजे?

अवंतिका : शेजारच्या दोन सुरांमधल्या अंतराचा शंभरावा भाग. मला वाटलं, पार्ट जुना झाला. पण... अरे यार. षड्जाला चार कंपनं तर शुद्ध गंधाराला पाच, असा हिशोब धरला, तर तो ट्यूनरच्या शून्यापेक्षा बरोबर चौदा सेंट खालीच येतो. म्हणजे बरोबर होता तोच मी बिघडवला.

वनमाला : बघा. यंत्रालासुद्धा कधीकधी आपोआप कान उगवतात.

अवंतिका : आपोआप नाही, काकू. आत बारा सुरांची बारा सर्किटं आहेत, प्रत्येकाला सूर मिळवायचा एक स्क्रू. अकरा स्क्रूंवर कंपनीचं मेण. या एकावर नेलपॉलिश. तीन थर! लाल, गुलाबी, मरून.

वनमाला : मरून? ती बाटली तर आपल्या सोनिकाच्या लग्नात हरवली होती. मी शेजारच्या सुधाताईंवर संशय घेतला होता.

(भालचंद्र ऑर्गनवरची नसलेली धूळ पुसतो.)

अवंतिका : काका?

भालचंद्र : काय करणार, स्क्रू हलायचा. थोडं पॉलिश लावलं की जागेवर राहायचा.

वनमाला : पण मुळात खाली कशाला आणलात?

भालचंद्र : तू आतल्या खोलीत रियाज करायचीस. मी इकडे स्क्रू फिरवायचो, तुझ्या गंधाराला मिळेपर्यंत. आमच्या बँडचा ट्रंपेटवाला सूर्याजी शिव्या घालायचा, भरमांडवात हा सूर पडलेला वाटतो म्हणून. मी म्हणायचो, मशीन जुनी झाली.

वनमाला : आणि मला एका शब्दाने सांगितलं नाहीत?

भालचंद्र : कधी सांगणार? मी वाजवायला बसलो की तू दार लावून घ्यायचीस.

अवंतिका : सॉरी, काका. दोन मिनिटं द्या, ट्यूनर लावून परत चौदा खाली आणते.

भालचंद्र : ट्यूनर राहू दे. तो स्क्रूचा पेचकस इकडे दे. वनमाला, गंधार लाव.

वनमाला : एकदम गंधार कुठून लावू? आधी दुसऱ्या हाताने षड्ज धरा. आणि मी पोचेपर्यंत सोडू नका.