पेंड खाणारी कोळंबी

माझं माहेर वेसाव्याचं, कोळ्याचीच पोर मी, बाबा होडीवर, आई टोपली घेऊन बाजारात आन आमी पोरं खळ्यावर मासळी सुकवायला, म्हणजे वास तर जन्मापासनं अंगाला. आता होडी दादाकडं हाय, माझा मोठा भाऊ. जाळ्यात येते ना बारीकसारीक मासळी, जी खायला कोण घेत नाय, ती सुकवून तो खाद्यवाल्यांना देतो, तिचं पीठ होतं आन ते तळ्यात पाळलेल्या कोळंबीला घालतात. मोठी मासळी मिळतेच कुठं आता, त्या बारीक मासळीवरच त्याचं घर चालतं.

मी लग्न होऊन मरोळला आले आन काय सांगू तुमाला, नोकरी लागली ती पण कोळंबीच्याच खाद्याची. इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये खाद्य बनवणारी कंपनी हाय, तिच्या मागच्या खोलीत खाऱ्या पाण्याच्या टाक्या हायत, कोळंबीला खाणं घालायचं, उरलेलं काढायचं, वजन करायचं, हे माझं काम. नवीन खाद्य शोधणारी आमची मॅडम बोलते, मासळीचं पीठ कमी करायचं, सोयाबीनची पेंड घालायची. पण नुसती पेंड कोळंबीला पचत नाय, वाढतच नाय ती, म्हणून एन्झाइम घालायचं, ते पेंड फोडतं, मंग पोटाला सोपं जातं. ते पण खाद्य थंड झाल्यावर फवारायचं, गरम असताना घातलं की वाया, विरजण कसं उकळत्या दुधात घालत नाय, तसंच. तर एन्झाइमवाली पेंड खाणाऱ्या टाकीतली कोळंबी वजनाला मासळीचं पीठ खाणाऱ्या कोळंबीएवढीच भरली. ऑफिसात पेढे वाटले. मी पण खाल्ला, का नाय खाणार, मीच तर खाऊ घातलं होतं त्या कोळंबीला. पण पेढा तोंडात असतानाच दादा आठवला.

त्याला फोनवर सरळ सांगितलं, दादा, पेंड चालतेय रे, तुझा माल कमी घेतील आता. तर हसायला लागला, बोलला, कोळंबी काय म्हैस हाय काय गं, पेंड खायला?

भाऊबीजेला आला. मॅडमनं पेंडीच्या टाकीतली थोडी कोळंबी दिलेली, तिचं कालवण केलं, त्याला ओवाळलं, ताट वाढलं. तुमाला सांगते, मला वाटत होतं त्यानं ताट सरकवावं, बोलावं, हिला चव नाय. दर्यावरचा माणूस तो, मासळीच्या चवीत कोणाच्या बापाचं ऐकत नाय. त्यानं डोकं चोखलं, दुसरी घेतली, कालवण संपवलं आन बोलला, चांगली हाय गं. मंग हात धुवून आला आन खाली बघून बोलला, तुमच्या टाकीवर माणूस लागतो काय?

होडीचा तांडेल तो, दर्यावर सगळे खलाशी त्याचं ऐकतात. मला वाईट वाटलं, दुसरं काय वाटणार.

अजून माल जातोय त्याचा, पयल्यापेक्षा कमी. मॅडम बोलते, बारीक मासळी दर्यात राहिली तर मोठी होईल, पुढं कोळ्यांचंच भलं हाय. एकवीरा आई करो आन तसंच होवो. पण ती मोठी होईपर्यंत दादानं काय खायचं, ते मी मॅडमला विचारलं नाय. टाकीवरच्या कामाचं तेवढं विचारून ठेवलंय.