शालनची अर्धी राहिलेली कुंची

जमलेल्या सगळ्यांना नमस्कार. मला चारचौघांत रडता येत नाही. बोलायला उभी राहिले की मी भांडतेच, हे सगळ्या खडेबाजाराला ठाऊक आहे. आज आवाज फाटला तर सांभाळून घ्या.

मघापासून ऐकतेय. शालन सुगरण होती, शालन सोशिक होती. होतीच. पण ती कसुतीचं भरतकाम करायची, हे एकानेही सांगू नये?

मी कॅम्पातल्या कॉन्व्हेंटात शिकले. सिस्टरनी भरतकाम शिकवलं ते असं: रिंग घट्ट, दोऱ्याला गाठ, टाका सरळ. सदलग्याची शालन सून होऊन आमच्या शेजारी आली आणि माझा रुमाल बघून हसली. "आक्का, ह्ये टाकं हाईत का प्रार्थनेला हुबारलेली पोरं गं?"

मग तिनेच शिकवलं. गवंतीचा टाका. कापडाचे धागे मोजायचे. जाताना एक टाका वर, एक खाली. मध्ये रिकाम्या जागा राहतात. परत येताना त्याच भोकांतून त्या जागा भरायच्या. गाठ नाही. मी विचारलं, गाठीशिवाय दोरा टिकेल कसा? म्हणाली, "गाठ कशाला गं? परत यायचंच हाय न्हवं?"

परत यायचंच हाय न्हवं.

ही कुंची बघा. होणाऱ्या नातवंडासाठी भरायला घेतलेली. मुरगीच्या टाक्याच्या पायऱ्या झाल्यात, मेंथीच्या टाक्याच्या फुल्या झाल्यात. राघूंची रांग मात्र नुसती जातानाची. सुई अजून तिथेच आहे. चहाचं आधण ठेवते म्हणून उठली आणि स्वयंपाकघरातच कोसळली.

काल कुणीतरी तिच्या सुनेला सांगितलं, मेलेल्या बाईचं अर्धं काम बाळाला घालू नये, नदीत सोड. नाव घेत नाही. पुढच्याच रांगेत बसल्यात. अहो बाई, ही कुंची ज्या लुगड्याची, ते शालनच्या आईचं. तीही गेलेलीच होती! त्याच लुगड्याच्या दुपट्यात शालनने आपला मुलगा गुंडाळला. काय वाईट झालं त्याचं? हा काय, समोर बसलाय.

आज सकाळी तिची सून, मेघा, कुंची घेऊन माझ्या दारात उभी. दिवस भरत आलेले. "मावशी, माझ्या बाळाला हीच पाहिजे. तुम्ही पुरी कराल?"

आता मला कापडाचे धागे नीट दिसत नाहीत. टाके वाकडे येतील. शालन हसली असती. हसू दे ना. हसायला तरी ये गं.

शेवटी उभं राहून शांत राहायची पद्धत आहे. उभे राहू नका. बसा. मेघा, इथे माझ्याजवळ ये. एक राघू भरून होईपर्यंत कुणी बोलू नका.

शालन, गाठ मारत नाही हं.